बोरुडेभाऊ आवाजाची मोजणी करतात

आमच्या नगरच्या केडगावात नळाला पाणी येतं ते लांबच्या पाहुण्यासारखं. आज येणार, उद्या येणार म्हणून वाट बघायची आणि आलं की घरातली होती नव्हती ती भांडी घेऊन धावायचं. अशा ठिकाणी रोज सकाळी बनियन-पायजम्यावर, अनवाणी अंगणात येऊन एका खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहते. त्या खड्ड्यात ना झाड ना वेल. आत मीठ आहे, कोळसा आहे आणि तांब्याची एक पट्टी आहे. आमचे शेजारी सदानंद बोरुडे यांच्या गाण्याच्या सेटचं ते अर्थिंग. नगरची जमीन कोरडी, त्यामुळे अर्थिंग धड लागत नाही, आणि अर्थिंग धड नसलं की गाण्याच्या मागे घुंऽऽ असा आवाज राहतो, असं त्यांचं शास्त्र.

"आमच्यात तुळस वाळली तरी चालंल," त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई मला म्हणतात, "खड्डा वल्ला पाहिजे."

कुत्री-मांजरी आत पडू नयेत म्हणून भाऊंनी खड्ड्यावर एक गोल दगड ठेवला होता. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात नवीन भाडेकरू आले. त्या घरातल्या बाईंनी दोन-चार दिवस हा सकाळचा कार्यक्रम पाहिला. अनवाणी माणूस, तांब्याचा तांब्या, गोल दगड, पाणी. त्या बिचारीने काय समजायचं? एका मंगळवारी दगडावर हळदकुंकू वाहिलेलं दिसलं. पुढच्या मंगळवारी फुलं. मग नारळ.

भाऊ हादरले. त्यांना देवाचं वावडं नाही. त्यांची भीती वेगळीच होती. "वैनी, एकदा का देवस्थान म्हनून बसलं, की हलवायची सोय न्हाई," ते मला कळवळून सांगत होते. "जन्मभर तेच बघितलंय मी. रस्ता वळतो, पर दगड हालत न्हाई." त्यांनी तांबड्या रंगाने दगडावर मोठ्या अक्षरात 'धोका' असं लिहिलं. त्यानंतर तर ते स्थान जागृत आहे असंच ठरलं. शकुंतलाबाईंना मात्र नारळाची चटणी नियमित मिळू लागली, त्यामुळे त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही.

जन्मभर बघितलंय असं भाऊ म्हणतात ते खरं आहे. सरकारी मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अकोले ते जामखेड, जिल्ह्यातला एकही तालुका असा नाही जिथे त्यांनी फीत धरली नाही आणि दोन भावांच्या मध्ये उभं राहून शिव्या खाल्ल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, सोसायटीत भांडणं करतात. भाऊंनी एक जुना अॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आणले आणि आवाजाची मोजणी सुरू केली. हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्या हौसेला तर विश्रांतीही नव्हती.

त्यांची भाषा मात्र जमिनीचीच राहिली. गाणं लावायचं, डोळे मिटायचे आणि एकदम हात वर करून म्हणायचं, "थांबा! ढोलकीनं गायकाचा बांध कोरलाय." शेजारच्याच्या शेतातला बांध दर नांगरटीला वीतभर कोरणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती, की गाण्यातही त्यांना तेच दिसायचं. व्हायोलिन हद्दीबाहेर गेलं. पेटीनं अतिक्रमण केलं. मग ते स्पीकर दोन बोटं सरकवायचे, फीत लावायचे, फरशीवर खडूने खूण करायचे आणि पुन्हा तेच गाणं पहिल्यापासून. जमलं की म्हणायचे, "हद्द कायम झाली." ती कायम झालेली हद्द दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकायची.

स्पीकर सरकवून भागेना, तेव्हा त्यांच्या खाली काय ठेवायचं यावर विचार सुरू झाला. आधी विटा झाल्या. विटांनी आवाज 'भाजका' येतो. मग गुळाच्या ढेपी. गुळाने आवाज गोड होईल असली बाळबोध कल्पना त्यांची नव्हती, त्यांचं म्हणणं, गूळ हादरा गिळतो. गुळाने हादरा किती गिळला माहीत नाही, पण सगळ्या केडगावच्या मुंग्यांनी तो गूळ गिळला. मग सुपाऱ्या आल्या. प्रत्येक स्पीकरखाली तीन अख्ख्या सुपाऱ्या. "तीन ठिकानी टेकलं की डुगडुगत न्हाई. मोजनीच्या यंत्राची तिकाटनी अशीच असती," ते म्हणाले, आणि हे मात्र माझ्या मिस्टरांनीही मान्य केलं, जे सहसा काहीच मान्य करत नाहीत.

श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजेला सुपाऱ्या कमी पडल्या, म्हणून शकुंतलाबाईंनी हळूच स्पीकरखालच्या काढल्या आणि त्यांच्या जागी आवळासुपारीच्या डब्या सरकवल्या. पूजा यथासांग झाली. तीर्थप्रसाद झाला. संध्याकाळी भाऊंनी सेट लावला, दोन ओळी ऐकल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "गणपती म्हनून कुठली सुपारी बसवली हुती?"

आता हे त्यांना कानाने कळलं की डब्या दिसल्या, ते परमेश्वर जाणे. मी विचारलं नाही. काही गोष्टींवर विश्वास ठेवण्यात आपलंच सुख असतं.

खोलीच्या कोपऱ्यात आवाज साठतो, असाही त्यांचा एक सिद्धांत आहे. त्याला उपाय म्हणून त्यांनी गावाकडून ज्वारीचा कडबा आणला आणि चारी कोपऱ्यांत पेंढ्या उभ्या केल्या. शहरात राहणाऱ्या माणसाच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या मागे, कडब्याच्या पेंढ्या! एका दुपारी दार उघडं राहिलं आणि रस्त्याने चाललेल्या कळपातल्या दोन शेळ्या आत शिरल्या. भाऊंनी आरडाओरडा केला नाही. शेळ्यांना बाहेर काढलं, सेट लावला, ऐकला, आणि कुंपणावरून मला हाक मारली.

"वैनी, जरा कान द्या. शेळीनं डावा कोपरा खाल्ला. आता तिकडनं सगळं सांडाया लागलंय."

हे 'जरा कान द्या' माझ्या नशिबी आलं, कारण आमची घरं जोडघरं. त्यांच्या बैठकीची खोली आणि आमचा हॉल यांत एकच भिंत. शकुंतलाबाईंनी ह्या कामाचा कधीच राजीनामा दिला होता. मी पोळ्या टाकून जायची, त्यांच्या लाकडी खुर्चीत बसायची आणि ते तीच गाण्याची ओळ दोनदा लावायचे. एकदा सुपारीवर, एकदा सुपारीशिवाय. "फरक पडला का?" मला कधी काडीचा फरक कळायचा नाही. गाढवापुढे वाचली गीता. पण समोरचा चेहरा असा आशेने भरलेला असायचा की नाही म्हणवत नसे. एकदा मी म्हणाले, "हो हो, उजवीकडचं जास्त खुललंय आता." भाऊ हातात सुपारी घेऊन वळले. त्यांनी अजून काही बदललंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर हे गृहस्थ म्हणतात, "म्हंजे आधीपासनंच खुललेलं हुतं. मलाच उमगलं न्हाई." आणि खरोखर त्यांनी तो ठरवलेला बदल रद्द केला. इतक्या सरळ माणसाला फसवायचं तरी कसं? त्यानंतर मी खोटं बोलणं सोडलं.

आणि मग एक दिवस मला खरंच ऐकू आलं. एका बाईंचं जुनं भजन होतं, मी शंभर वेळा ऐकलेलं. अंतरा सुरू होण्याआधी त्या बाईंनी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. नुसता श्वास. कुणीतरी माझ्या शेजारी बसून गाण्याची तयारी करतंय असा. माझ्या अंगावर काटा आला. मी भाऊंकडे बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. "आला ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या दिवसापासून कुणी त्यांची टिंगल केली की मला राग येतो. टिंगल करायचा हक्क फक्त माझा.

एक मात्र होतं. ह्या माणसाच्या घरी मी कधी पूर्ण गाणं ऐकलं नाही. दोन ओळी, फार तर चार, की हे उठले काहीतरी सरकवायला.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला, अश्विनीला, दिवस राहिले. ती कोपरगावला दिलेली, जावई साखर कारखान्यात. हे तिचं दुसरं. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा शकुंतलाबाई रडून मोकळ्या झाल्या. भाऊंनी नुसत्या घरातल्या सगळ्या वायरी उपसून नव्या घातल्या होत्या. ह्या वेळी डॉक्टरांनी पहिल्यापासूनच सांगितलं, झोपून राहायचं, जिना चढायचा नाही, दगदग नाही. सासरी तिला बघायला कुणी नाही. तेव्हा सातव्या महिन्याची वाट न बघता तिला माहेरी आणायचं ठरलं.

आणायची कुठे, हा प्रश्न होता. बोरुड्यांच्या घरात झोपायच्या खोल्या वर. खाली स्वयंपाकघर आणि ती एकच बैठकीची खोली. म्हणजे सेटची खोली. म्हणजे वर्षानुवर्षं फीत लावून, खडू मारून, शेळ्या हाकलून कायम केलेली हद्द.

शकुंतलाबाई कंबर कसून माझ्याकडे आल्या. "तुमी संगं चला. तुमचं ऐकत्यात. न्हाई म्हनले तर आज मी त्या पेट्या रस्त्यावर टाकनार हाय." मीही पदर खोचला. आम्ही दोघी गेलो, तर खोलीत खडूच्या खुणांशिवाय काही नव्हतं. सेट वायरी गुंडाळून दाराशी ठेवलेला. भाऊ ओल्या फडक्याने फरशी पुसत होते. खुणाही पुसत होते.

"खाट ह्या भिंतीला लावू," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "रस्त्याचा आवाज हितं सगळ्यात कमी येतो."

मग माझ्याकडे वळून जरा अवघडून म्हणाले, "वैनी, तुमचा हॉल मोजला तर चालंल का?"

असा तो सेट आमच्याकडे आला. सोबत कडबा आला, सुपाऱ्या आल्या. माझं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला गेलं. माझ्या मिस्टरांची आरामखुर्ची नेमकी आवाजाच्या मधोमध येत होती, म्हणून मिस्टरांसकट ती खिडकीत गेली. एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, आता निदान रोज गाणी तरी ऐकायला मिळतील.

कसलं काय! भाऊ रोज दुपारी यायचे, जोडभिंतीला खुर्ची लावून बसायचे आणि सेटला हातही लावायचे नाहीत.

"भाऊ, लावा की काहीतरी."

"नको. तिला झोप लागली असंल."

त्यांनी सगळ्या ओळीला शांत करून टाकलं होतं. भाजीवाल्याला कोपऱ्यावर गाठून सांगितलं, आमच्या दारापुढं ओरडू नको. शेजारच्या पोरांना क्रिकेटसाठी पलीकडचं मैदान दाखवून आले. स्वतःच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आमच्याही घातलं. शकुंतलाबाईंना कुकरच्या शिट्ट्या वरच्या गच्चीत जाऊन करायला लावल्या, तेव्हा मात्र त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. तेही कुजबुजत.

अश्विनीला ते दिवसातून दोनदा भेटायचे. दारात उभं राहायचं. "बरं हाय का?" "बरंय आप्पा." "पंख्याचा आवाज येतोय का?" "नाही आप्पा." संपलं. बापलेकींचं तेवढंच बोलणं.

एका दुपारी आम्ही असेच बसलो होतो. मी शेंगा फोडत होते. पाचवा महिना लागला होता, म्हणून घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. भाऊ भिंतीला डोकं टेकून बसलेले. मला वाटलं डुलकी लागली. तर ते डोळे मिटूनच म्हणाले, "वैनी, अश्वी जागी हाय. मगाधरनं बांगड्या वाजत्यात. एकसारख्या. जरा बघून येता का? तिची आई औषधं आनाया गेलीय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस रोज दुपारी माझ्या हॉलमध्ये सेट सांभाळायला येत नव्हता. भिंतीपलीकडे मुलीची खाट होती.

"तुम्हीच जा ना भाऊ," मी म्हणाले.

"मी जाऊन काय बोलनार? मी गेलो की ती 'बरंय' म्हनती." त्यांनी डोळे उघडले. ते लाल झाले होते. "मागच्या बारीलाबी 'बरंय'च म्हनत हुती ती. फोनवर. मला कळलं न्हाई. सारा जन्म कान लावून बसलो आन् पोरीच्या आवाजातलं कळलं न्हाई मला."

मी शेंगा तशाच टाकून गेले. अश्विनी कुशीवर पडून हातातल्या बांगड्या गोल गोल फिरवत होती. मी जवळ बसले, कपाळावर हात ठेवला, आणि पोरीचा बांध फुटला.

"काकू, घर इतकं शांत का झालंय? कुणी बोलत नाही, कुणी ओरडत नाही. मला सारखं वाटतं, काहीतरी वाईट झालंय आणि मला सांगत नाहीत. मग मी पोटाकडेच कान लावून बसते. आता हललं का? आता नाही हललं का? दिवसभर तेच. वेड लागेल मला." थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "आप्पांनी सेट विकला का? माझ्यामुळे?"

"विकला कुठला! आमच्याकडे आहे. भिंतीच्या पलीकडे. आणि तुझे आप्पाही तिथंच आहेत, भिंतीला टेकून."

ती त्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग लावत का नाहीत? लहानपणी दोन ओळी झाल्या की बंद करायचे, इतका राग यायचा मला. त्यांना म्हणावं, आज पूर्ण गाणं लावा."

मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. आपण मुलीला म्हणून जी शांतता एवढ्या कष्टाने गोळा केली, तीच तिला खात होती, हे ऐकून भाऊंचा चेहरा पडला. मग ते उठले. मला वाटलं आता फीत निघणार.

फीत निघाली नाही. त्यांनी उजव्या स्पीकरला मिठी मारली आणि तो अख्खा फिरवून भिंतीला तोंड करून ठेवला. मग डावा. सुपाऱ्या घरंगळत दिवाणाखाली गेल्या, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मध्ये येत होती ती कडब्याची पेंढी मिस्टरांच्या हातात दिली. मग ते भजन लावलं. मला श्वास ऐकू आला होता तेच.

आमच्या बाजूला काय आलं म्हणता? गाण्याची पाठ. नुसती घुमघुम. शब्द कळेनात, तबला कुठला आणि पेटी कुठली कळेना. सगळे बांध मोडून एक झालेले. मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, भिंत सगळं खातेय हो."

"खाऊ दे," ते म्हणाले. "पलीकडं जाईल तेवढं जाईल."

भजन संपलं. त्यांनी पुढचं लावलं, तेही संपलं. ते उठले नाहीत. मी खिडकीतून त्यांच्या घरात डोकावून आले. अश्विनी भिंतीवर तळहात ठेवून झोपली होती. मी भाऊंना खूण केली, बंद करा आता. त्यांनी मान हलवली आणि तिसरं गाणं लावलं.

तेव्हापासून रोज दुपारी तसंच. भाजीवाला पुन्हा ओरडायला लागला, कुकर खाली उतरला. पाचवा महिना गेला, सहावा गेला. नवव्या महिन्यात अश्विनीला मुलगी झाली, चांगली भरल्या अंगाची. दवाखान्यात ती पहिल्यांदा रडली तेव्हा भाऊ बाहेरच्या बाकावर होते. आत जायची घाई सगळ्यांना झाली होती. भाऊ म्हणाले, "तुमी व्हा फुडं. मी हितनंच ऐकतो जरा." आणि ऐकता ऐकता हुंदके देऊन रडले, सगळ्यांदेखत.

आता लेक-नात कोपरगावला गेल्याला बरेच दिवस झाले. खाट वर गेली, बैठकीची खोली मोकळी आहे. शकुंतलाबाई म्हणतात, आणा बाई तुमचं बिऱ्हाड परत. माझे मिस्टर तर रोज म्हणतात. भाऊ ऐकून घेतात आणि दुपारी आमच्याकडे येऊन सेट लावतात. स्पीकर अजून भिंतीला तोंड करूनच आहेत.

परवा मी म्हणालेच, "भाऊ, आता एक तरी इकडे फिरवा. पलीकडे कुणी नाही."

त्यांनी आवाज थोडा कमी केला आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "दिवाळीला येनार हायेत दोघी. तवर खोली अगदीच मुकी पडाया नको."

मी चहा टाकायला उठले. गाणं त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं.